अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जागा पाहताना
(महोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर शिक्षकाला उभे केले म्हणजे त्याने शिक्षणावर बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. चिटणिसांनी विषयही तोच सुचविला होता. ह्याच ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आमचे बी. एड्. झाले, तेव्हा त्या विषयाचे ऋण आमच्यावर आहे. तरीही आम्ही त्यांच्याकडून दुसरा विषय मागून घेतला. कारण असे की, मध्यंतरी आपल्यापैकी चार कुटुंबांतील माणसे आमच्या घरी येऊन गेली. ती मुलांच्या गुणपत्रिका घेऊन आली नव्हती. दिवेलागणीनंतर आली, आवाज उतरवून बोलली, आणि जाताना "हे कुठे बोलू नका, सर," असे बजावून गेली. चौघांचाही प्रश्न एकच होता: "तुम्ही तुमच्या मावशींना ठेवले होते ती जागा कशी पारखून घेतलीत?"

चार घरांत चार वेळा हलक्या आवाजात सांगितलेली गोष्ट एकदा ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने सांगावी, एवढाच आजचा हेतू आहे. माणसांची नावे सांगणार नाही, जागांचीही सांगणार नाही.

मावशी म्हणजे आमची खाला. तिला मूलबाळ नव्हते. आमची आई लवकर गेल्यावर तिनेच आम्हांला वाढविले. २०२३ च्या जुलैत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. तीन आठवडे इस्पितळात काढल्यावर डॉक्टरांनी "आता घरी न्या," असे सांगितले. डॉक्टरांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. औषधोपचाराचे काम संपले होते आणि सेवेचे सुरू झाले होते. आमचे घर माडीवरचे, जिना अरुंद, खोल्या दोन. आमचे कुटुंबही शिक्षिका. दोघेही साडेनऊला बाहेर पडणार आणि साडेपाचला परतणार. एका ब्यूरोकडून दिवसाची बाई आणली, ती आठव्या दिवशी गेली. दुसरी चौथ्या दिवशी गेली. चार-पाच महिने रजा घेऊन घरी बसणे दोघांपैकी कोणालाही शक्य नव्हते. तेव्हा चांगली जागा पाहायची असे आम्ही दोघांनी ठरविले. त्यात लाज वाटण्यासारखे काही आम्हांला तेव्हा दिसले नाही, आजही दिसत नाही.

पहिली अडचण आली ती नावाची. परदेशात मुले असलेली आपल्याकडील मंडळी विचारतात, "बेळगावात नर्सिंग होम चांगले कोणते?" आपल्या गावात नर्सिंग होमची पाटी पाहिली तर आत बाळंतपणे होतात, नाहीतर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान खासगी इस्पितळ. १९४९ चा मुंबईचा कायदा ह्याच नावाचा आहे. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले, ही कथा आपणांस आम्ही सांगायला नको. त्या कायद्यात आजारी, जखमी आणि दुर्बल अशा सर्वांची शुश्रूषा धरली होती. पुढे व्यवहारात दुर्बळ म्हातारे त्या शब्दातून गळून गेले आणि बाळंतिणी तेवढ्या राहिल्या. विलायतेत आणि अमेरिकेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ वृद्ध किंवा पंगू माणसाला दीर्घकाळ ठेवून घेऊन त्याची शुश्रूषा करणारे घर असा आहे.

मग वृद्धाश्रम पाहावा, असे कोणी म्हणेल. आम्हीही तेथूनच सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी नियमांच्या कागदावर एक कलम असते: "स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश." हे कलम अन्यायाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. सकाळी भजन, दुपारी पत्ते, संध्याकाळी फेरी अशा जीवनक्रमासाठी ती घरे काढलेली असतात. तेथे अंथरुणातल्या माणसाचे करणारे हात नसतात. पण पुष्कळांना हे कलम प्रवेशाच्या दिवशी कळते, आणि काहींना त्याहून वाईट वेळी, म्हणजे आत राहणारी आई पडून तिचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे. म्हणून हिंडत्या-फिरत्या माणसासाठी जागा पाहतानाही पहिला प्रश्न हाच विचारावा: उद्या हे अंथरुणाला खिळले तर तुम्ही ठेवून घ्याल काय? उत्तर लेखी घ्यावे.

आम्हांला हवी होती ती तिसरी जात. तिला कोणी शुश्रूषा केंद्र म्हणतात, कोणी केअर सेंटर, कोणी नुसतेच 'होम'. आता ह्यांचा दर्जा ठरविणारे कोणी आहे काय? अमेरिकेत २००८ पासून सरकारच अशा प्रत्येक घराला एक ते पाच तारे देऊन यादी प्रसिद्ध करते. इंग्लंडात २००९ पासून एक सरकारी आयोग तपासणी करतो आणि चार श्रेणी देतो. अगदी खालची श्रेणी मिळालेल्या घराची नावानिशी नोंद कोणालाही वाचता येते. आपल्याकडे असे काही नाही. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला. त्यात राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने निदान एक वृद्धाश्रम काढावा, त्यात कमीत कमी १५० निराधारांची सोय असावी, असे कलम आहे. ते निराधारांसाठी आहे, आणि 'काढू शकेल' अशा भाषेत आहे. खासगी घरांची नोंदणी आणि किमान दर्जा ह्यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्तीचे विधेयक आले होते. ते मंजूर होण्यापूर्वीच २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. कर्नाटकात खासगी वैद्यकीय संस्थांची नोंदणी २००७ च्या राज्याच्या कायद्याने सक्तीची आहे आणि दरपत्रक लोकांना दिसेल असे लावावे लागते. तेव्हा जे घर सलाईन लावते, ऑक्सिजन देते, 'आमच्याकडे वैद्यकीय सोय आहे' असे सांगते, त्याला नोंदणीचा दाखला अवश्य विचारावा. परंतु दाखला मिळाला म्हणजे रात्री दोन वाजता कोणी कूस बदलील, असे नाही. तपासनीस आपणच व्हायचे आहे. मोबाईलवरच्या नकाशात लोकांनी दिलेले तारे दिसतात, तेही आम्ही पाहिले. त्यांत बागेची, इमारतीची आणि बोलक्या व्यवस्थापकाची स्तुती अधिक होती. अंथरुणातली माणसे तारे देत नाहीत.

आम्ही एकंदर पाच जागा पाहिल्या. तीन शहराच्या आसपास, दोन सरहद्दीपलीकडे गडहिंग्लजच्या बाजूला. पाचांचे वर्णन करीत बसत नाही. एका जागेची बैठकीची खोली फार सुंदर होती. उद्घाटनाच्या तसबिरी, मत्स्यालय, चकचकीत फरशी. स्वयंपाकघर पाहू का म्हटल्यावर "आता स्वच्छता चालू आहे," असे उत्तर आले. पुन्हा चार दिवसांनी गेलो तेव्हाही स्वच्छताच चालू होती. दुसऱ्या एका जागी सकाळी अकरा वाजता खोलीतली नऊच्या नऊ माणसे गाढ झोपलेली. "आमच्याकडे फार शांतता असते हो," असे सांगण्यात आले. नऊ म्हातारी माणसे एका खोलीत एकाच वेळी सकाळी अकराला झोपत नाहीत. आमच्या वर्गातली मुलेसुद्धा झोपत नाहीत, आणि आम्ही तर व्याकरण शिकवितो! झोपेचे औषध कोणाला, किती, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने देता, हे विचारायला संकोचू नये. हात खाटेला बांधता काय, हेही विचारावे. नळी ओढून काढतात म्हणून बांधतो, असे उत्तर येईल. कोणाच्या लेखी सूचनेवरून आणि किती वेळ, हे पुढे विचारावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला निदान दर दोन तासांनी दुसऱ्याने वळवावे लागते, रात्रीही. नाहीतर हाडावरची कातडी दाबाने मरते आणि जखम होते. माकडहाड, टाचा, खुब्यांचे उंचवटे, घोटे, कोपरे ह्या तिच्या जागा. हवेची गादी उपयोगाची आहे, पण ती वळविण्याच्या ऐवजी नाही. कमरेखाली रबरी कडे ठेवणे, लाल झालेल्या जागी स्पिरिट चोळणे ह्या आपल्या घरोघरच्या जुन्या रीती. आता त्या करू नयेत असे सांगतात, त्यांनी इजाच वाढते. हे आम्ही खालाच्या आजारात परिचारिकांकडून शिकलो आणि मग आम्हांला एक साधे गणित सुचले.

एका माणसाला वळविणे, पाठीमागे उशी लावणे, ओले असल्यास बदलणे, दोन घोट पाणी पाजणे ह्याला आठ मिनिटे धरा. भारी अंगाच्या माणसाला दोघे लागतात. खोलीत अशी पंधरा माणसे असतील तर पंधरा आठे एकशेवीस. म्हणजे बरोबर दोन तास झाले आणि पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात. दोन आया रात्रभर एक क्षण न बसता, पाण्याचा घोटही न घेता काम करतील तर पंधरा माणसांचे हे काम कसेबसे पुरे होते. आम्हांला एका व्यवस्थापकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "दर दोन तासांनी वळवतोच, सर. रात्री एक बाई असते." माणसे किती? "अठरा." सातवीतला मुलगासुद्धा हे उदाहरण सोडवील. ते गृहस्थ खोटे बोलत होते असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी हिशेब केलाच नव्हता. म्हणून कोणत्याही जागी गेल्यावर तीन आकडे घ्यावेत: अंथरुणाला खिळलेली माणसे किती, दिवसा करणारे हात किती, रात्री किती. मालक, व्यवस्थापक, स्वयंपाकीण, पहारेकरी हे हात त्यात धरू नयेत.

ह्या हातांपैकी शिकलेले कोणते, हा पुढचा प्रश्न. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक मुलीला तेथे 'सिस्टर' म्हणतात. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी. एन. एम. चा तीन, बी. एस्सी. नर्सिंगचा चार, आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असावी लागते. बाकीच्या आया किंवा मदतनीस. आयांना आम्ही कमी लेखीत नाही; खालाची खरी सेवा एका आयेनेच केली. पण जखम पाहणे, नळीतून अन्न देणे, रक्तदाब घेऊन त्याचा अर्थ लावणे ह्यासाठी शिकलेले माणूस रोज यायलाच हवे. आम्ही शिक्षक, अध्यापनशास्त्र शिकलेला आणि न शिकलेला ह्यांत फरक काय, असे आम्हांला नेहमी विचारतात. चांगला दिवस असला तर काही नाही, एवढेच आमचे उत्तर असते.

आमच्या धंद्याचा आणखी एक उपयोग झाला. प्रत्येक ठिकाणी आम्ही नोंदीची वही मागितली: कूस बदलल्याची, पाणी-लघवीची, औषधांची. एके ठिकाणी सुंदर छापील तक्ता होता. आठ, दहा, बारा, दोन असे सारे तास एकाच शाईत, एकाच वळणात, एकाच तिरकसपणाने भरलेले. वीस वर्षे हजेरीपट लिहिलेल्या माणसाला असला तक्ता लगेच ओळखू येतो. तो महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेला असतो! शेवटी जी जागा आम्ही पसंत केली तेथील वही अगदी गचाळ होती. कुठे निळी शाई, कुठे पेन्सिल, कुठे कन्नड आकडे, एका पानावर वरणाचा डाग. १० वाजून २० मिनिटे, १२ वाजून ५ मिनिटे, २ वाजून ३५ मिनिटे. मध्येच एका ठिकाणी नुसते "झोप लागली" असे कोण्या प्रामाणिक बाईने स्वतःबद्दल लिहून ठेवले होते. त्या दोन शब्दांनी आमचा निर्णय झाला, असे म्हटले तरी चालेल.

ती जागा दिसायला साधी होती. वर पत्रे, लोखंडी खाटा, भिंतीला निळसर चुना. पण आमचे कुटुंब आत गेले आणि सर्वांत कोपऱ्यातल्या, बोलू न शकणाऱ्या एका आजीबाईंजवळ जाऊन बसले. तिने पाहिले ते असे: नखे कापलेली. ओठ ओले. जीभ स्वच्छ. टाचांना लाली नाही. लघवीची पिशवी खाटेच्या कडेला खाली अडकविलेली, जमिनीला न टेकलेली. उशाशी नाव लिहिलेली पाण्याची बाटली आणि ती अर्धी रिकामी. खोलीत लघवीचा वास थोडासा होता, माणसे राहतात तेथे तो असतोच. पण डोळ्यांत पाणी आणणारा फिनेलचा भपका नव्हता. हे सारे दुपारी तीन वाजता, कोणी पाहुणे येण्याची वेळ नसताना. व्यवस्थापक दाखवितात त्या खाटेकडे जाऊ नये. जिच्याकडे कोणी येत नाही तिच्याकडे जावे.

लालीबद्दल एक गोष्ट राहिली. बोटाने दाबून सोडल्यावर लाली क्षणभर फिकी पडली तर भीती नाही. तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात होय. आपल्यातल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तेथे हात लावून पाहावे, जागा ऊन लागते काय, कडक लागते काय, हात लावताच माणूस कळवळते काय.

जेवण पाहायचे ते ताटातले नव्हे. ताट सर्वत्र बरे असते. भरविताना पाहावे. झटका आलेल्याला गिळणे अवघड जाते. आडवे ठेवून भरविले तर अन्न फुप्फुसात जाते, आणि मग न्यूमोनिया होतो. नीट बसवून, लहान घासांनी, पहिला घास गिळल्याची खात्री करून दुसरा द्यायचा, आणि नंतर अर्धा तास बसतेच ठेवायचे. एका खालाला जेवायला पस्तीस मिनिटे लागत. वरचे गणित आता पुन्हा मांडून पाहा.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. महिन्याचा आकडा विचारून समाधान मानू नये. त्यात डायपर, औषधे, व्यायाम शिकविणारा, डॉक्टरांची भेट ह्यांपैकी काय आले आणि काय नाही. अनामत किती, माणूस गेले किंवा हलविले तर ती केव्हा परत. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या इस्पितळात, कोणाच्या गाडीतून, बरोबर कोण. हे सर्व लिहून घ्यावे. एका जागी सांगितलेल्या आकड्याहून पहिल्या महिन्याचे बिल निम्म्याने अधिक आल्याचे तेथेच एका गृहस्थांकडून ऐकले. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय सुरू केली, ती पुष्कळांनी वाचली आहे. ती इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, अशा घरांच्या मासिक खर्चासाठी नाही. आणि आपल्या राज्यात, आपल्या इस्पितळात ती कशी लागू आहे तेही आधी विचारून घ्यावे.

भाषेबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपण बेळगावकर. खालाची बोली दखनी, बाहेर मराठी. सांभाळणारी बाई बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. आपल्या गावात भाषेवरून काय काय झाले ते ह्या सभागृहाला ठाऊक आहे. पण वाचा गेलेल्या माणसाला काही मागता येत नाही, समोरचे बोलणे तेवढे कळते. ते निदान त्याच्या कानांच्या ओळखीचे हवे. आम्ही एक पुठ्ठा केला. त्यावर दहा शब्द दोन लिप्यांत लिहिले. पाणी म्हणजे नीरु. दुखते म्हणजे नोवु. पुरे म्हणजे साकु. नको म्हणजे बेडा, आणि खालाच्या बोलीत नक्को. प्रत्येक शब्दापुढे लहानसे चित्र. तीन आठवड्यांत ती बाई "नक्को क्या?" असे खास खालाच्या सुरात विचारू लागली, आणि खाला डाव्या हाताने उत्तर देऊ लागली. तो पुठ्ठा अजून तेथेच आहे. आता दुसऱ्या एका आजोबांच्या खाटेला बांधला आहे.

आणखी एक कसोटी सांगतो. बाकी चार ठिकाणी आम्ही प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली. ह्या ठिकाणी त्यांनीच आम्हांला अधिक विचारले. आवडती कूस कोणती? चहा गोड की कमी गोड? रात्री दिवा लागतो काय? नमाज पढत होत्या काय, मग खाट कोणीकडे करू? आम्ही पश्चिम दाखविली. बाईंनी तेथल्या तेथे दोघांना बोलावून खाट फिरवली. वझूसाठी पाणी झेपत नाही अशा आजाऱ्याने स्वच्छ मातीवर हात फिरवून तयम्मुम करायचे असते. त्यासाठी नदीतला एक सपाट दगड आम्ही नेला, तोही त्यांनी धुऊन, वाळवून उशाशी ठेवला. शेजारच्या खाटेवर वारकरी घराण्यातल्या आजी होत्या. त्यांच्यासाठी संध्याकाळी हरिपाठ लावीत. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींचे ऐकून घेत. ऐकण्यावाचून दोघींनाही गत्यंतर नव्हते, हेही खरेच!

तेरा महिने खाला तेथे होती. २०२४ च्या सप्टेंबरात ती गेली. दफनापूर्वी गुस्ल देणाऱ्या बायांनी बाहेर येऊन आमच्या कुटुंबाला आपणहून सांगितले की, पाठीवर, कमरेवर, टाचांवर एकही जखम नाही. अंथरुणात गेलेल्या किती माणसांना ह्या बाया स्नान घालतात. त्यांचे हे सांगणे आमच्या लेखी कोणत्याही तारांकित श्रेणीहून मोठे आहे.

आता जे बोलायचे आहे ते थोडे अवघड आहे. आम्ही शाळेत पुंडलिकाची गोष्ट दरवर्षी सांगतो. देव दारात आला तरी आई-वडिलांची सेवा त्याने सोडली नाही, वीट पुढे केली. आमच्या घरी लहानपणी आईच्या पायांखालच्या जन्नतीची गोष्ट सांगत. दोन्ही गोष्टी आम्ही मनापासून मानतो. परंतु ह्या गोष्टींचा एक विपरीत परिणाम आम्ही त्या तेरा महिन्यांत पाहिला. आईला बाहेर ठेवणे हे पाप, असे एकदा मनाने घेतले की माणूस ते लपवितो. शेजाऱ्यांना "आई गावी गेली आहे," असे सांगतो. लपविले की भेटीला जाणे चोरीचे होते. आठवड्याचे महिन्यावर जाते, महिन्याचे सणावर. जाईल तेव्हा टाच उघडून पाहत नाही, कारण पाहिले तर बोलावे लागेल, आणि बोललो तर "मग घरी न्या," असे ते म्हणतील ही धास्ती. काम करणाऱ्यांनाही कळते की ह्या खाटेकडे कोणी येत नाही. पंधरांपैकी बाराच माणसांना वेळ पुरत असेल, तर राहतात ती तिघे कोणती, हे सांगणे नलगे. पुंडलिकाच्या गोष्टीत पाय चेपणारा मुलगा आहे. आम्ही त्यातला मुलगा लक्षात ठेवतो, चेपलेले पाय विसरतो. कोणाच्या छपराखाली, ह्यावर सारी चर्चा होते. कूस कोणी बदलली, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून जावे, आणि वेळ न सांगता जावे. कधी दुपारी, कधी रात्री नऊला, कधी रविवारी. सणाच्या दिवशी तर अवश्य, कारण त्या दिवशी निम्मे हात रजेवर असतात. नखे कापण्याचे साधन बरोबर न्यावे. नखे कापता कापता सारे अंग पाहून होते आणि कोणाला तपासणी वाटत नाही. रात्रीच्या बाईचे नाव ठाऊक असावे. तिच्या मुलांची चौकशी करावी. वाईट काही दिसले तर व्यवस्थापकांना लेखी द्यावे. तेथे दाद लागली नाही तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा विनाशुल्क दूरध्वनी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

आणि ट्रस्टकडे आमचे एक मागणे आहे. आपण शिष्यवृत्त्या देतो, वधू-वर मेळावे भरवितो, अंत्यविधीसाठी मदत करतो. जन्म, शिक्षण, लग्न, मरण सर्व झाले. मरणापूर्वीची दोन-चार वर्षे तेवढी आपल्या घटनेत नाहीत. चार हातखाटा, सहा हवेच्या गाद्या, काही चाकाच्या खुर्च्या ट्रस्टने घेऊन उसन्या द्याव्यात. एवढ्यानेसुद्धा काही माणसांना घर सोडावे लागणार नाही. ज्यांना सोडावे लागेल त्यांच्याकडे दोघा सभासदांनी, एक पुरुष आणि एक बाई, आठवड्याला पाळीने जाऊन यावे. तपासनीस म्हणून नको, ओळखीचे म्हणून. ज्यांची मुले पुण्याला, बंगळूरला किंवा दुबईला आहेत त्यांना हे फार उपयोगी पडेल. खाटेवरच्या माणसाला त्याहून अधिक.

कार्यालयात एक वही ठेवावी. कोणत्या जागी केव्हा गेलो, माणसे किती, दिवसाचे हात किती, रात्रीचे किती, काय दिसले, हे प्रत्येकाने तारीख घालून आणि सही करून लिहावे. ऐकीव मजकूर नको. सहा महिन्यांपूर्वीचे आजचे म्हणून वाचू नये. चांगली बाई सोडून गेली की चांगली जागा बिघडते, आणि उलटही होते. अशी एक वही आम्ही आज बरोबर आणली आहे. पाच जागांची नोंद पहिल्या बारा पानांवर आहे, नावांसह; ती २०२३ सालची आहे हे ध्यानात ठेवावे. त्यांपैकी दोन जागा गेल्या महिन्यात पुन्हा पाहून आलो, त्यांची पाने नवी आहेत. सभा संपल्यावर वही चिटणिसांच्या स्वाधीन करतो. ज्या चार घरची मंडळी आमच्याकडे आली होती, त्यांनी आता दिवेलागणीची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यालय सकाळी दहाला उघडते.